फडाचा शौक

2025 सालच्या आषाढात, पंढरीची वारी आटोपून वारकऱ्यांचे फड आपापल्या मुलखाकडे परतल्याला जेमतेम दोन-अडीच आठवडे झाले असतील, तोच दिव्यांच्या अमावास्येच्या रात्री, घरोघरी समया आणि निरांजने घासूनपुसून पाटावर मांडलेली असताना, सोलापुरातील माझ्या एका स्नेह्यांनी आपल्या दुकानात चादरींच्या चळतींमागे असलेल्या अरुंद खोलीत एक निरांजन लावले आणि ते दोन परदेशी गृहस्थांच्या तसबिरींपुढे ठेवले. त्यांतला एक बर्मिंगहॅमचा गायक ऑझी ऑस्बर्न. तो 22 जुलैस निवर्तला होता. दुसरा अमेरिकेचा मल्ल हल्क होगन. तो त्याच दिवशी, 24 जुलैस, फ्लोरिडात वारल्याची वार्ता नुकतीच आली होती. स्नेह्यांचे चिरंजीव दारात उभे राहून हसू दाबीत होते. स्नेही मात्र अत्यंत गंभीर होते, आणि मला म्हणाले, “मास्तर, एकाच आठवड्यात दोन्ही गेले बघा. एक कानाचा, एक डोळ्याचा.”

माझे हे स्नेही पन्नाशी ओलांडलेले, व्यवहारात चोख, एकादशीला साबुदाण्याखेरीज काही न खाणारे गृहस्थ आहेत. त्यांना दोनच व्यसने आहेत, आणि गावातील शिष्ट मंडळी त्या दोहोंस सारख्याच तुच्छतेने हसतात. पहिले व्यसन ग्लॅम मेटल नावाच्या विलायती संगीताचे आणि दुसरे दूरचित्रवाणीवरील व्यावसायिक कुस्तीचे. ‘केस खोटे, कुस्तीही खोटी,’ असा त्या मंडळींचा निवाडा असून त्यावर अपील चालत नाही. मीही पुष्कळ वर्षे त्याच पक्षाचा होतो. त्या पक्षातून मी कसा फुटलो, आणि हे दोन शौक एकाच माणसाच्या ठायी का नांदावेत, याचा थोडा उलगडा करावा म्हणून हा लेखप्रपंच.

मेटल म्हणजे धातू. विजेच्या गिटारीचा नाद मुद्दाम फाडून, खरखरीत आणि अवजड करून, त्यामागे ढोलांचा भडिमार चालवणारे हे संगीत 1970 च्या आसपास ज्या बर्मिंगहॅम शहरात आकारास आले, ते कारखान्यांचे शहर. ऑझीच्या ब्लॅक सॅबथ या संचातील गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यातील यंत्रानेच तोडली होती, आणि त्या अधू बोटांनिशी वाजवता यावे म्हणून त्याने टोप्या करून घातल्या व पुढे तारा सैल ठेवल्या, त्यातून स्वर आणखी खोल व काळवंडलेला झाला. 1877 साली पहिली गिरणी उभी राहिलेल्या, आणि आज पेठापेठांतून यंत्रमागांचा खडखडाट ऐकत झोपी जाणाऱ्या सोलापूरकराच्या कानास हा नाद परका वाटू नये, हे मला तरी स्वाभाविक वाटते.

या काळ्या धातूस कॅलिफोर्नियात मुलामा चढला. 1980 नंतरच्या दशकात लॉस एंजेलिसमधील सनसेट स्ट्रिप या रस्त्यावरच्या गाण्याबजावण्याच्या अड्ड्यांतून मॉट्ली क्रू, रॅट, पॉयझन असे संच नावारूपास आले. त्यांनी मेटलचा दणका ठेवला, पण त्यात सर्वांनी मिळून ओरडून म्हणावी अशी सोपी धृपदे घातली, मधूनच एखादे हळवे प्रेमगीत पेरले, आणि मुख्य म्हणजे वेष बदलला. अंगासरशा चकचकीत तुमानी, डोळ्यांत काजळ, ओठांस रंग, आणि फवारे मारमारून सिंहाच्या आयाळीप्रमाणे फुलवलेले केस! पॉयझनच्या 1986 सालच्या पहिल्या तबकडीच्या वेष्टनावर चार चेहरे आहेत. ते चौघे पुरुष आहेत हे प्रथमदर्शनी सांगणाऱ्यास मी बक्षीस देईन. गाण्याची चित्रफीत अष्टौप्रहर दाखवणारी एमटीव्ही ही वाहिनी ऑगस्ट 1981 मध्ये सुरू झाली होती, आणि डोळ्यांना रिझवणाऱ्या या संचांस तिने उचलून धरले. क्वायट रायट या संचाची तबकडी नोव्हेंबर 1983 मध्ये अमेरिकेच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. मेटलच्या तबकडीस तो मान त्यापूर्वी कधी मिळाला नव्हता.

पुरुषाने शृंगार करावा याचे मराठी माणसाने नवल करावे, हेच एक नवल. बालगंधर्वांचे शालू आणि दागिने पाहून पोरीबाळींनी नेसण्याची रीत उचलल्याच्या कथा आपण कौतुकाने सांगतो. स्नेह्यांचा युक्तिवाद नेमका येथूनच सुरू होतो: “गंधर्वांनी शालू नेसलेला चालतोय, आन् माझ्या गड्यानं काजळ घातलं की संस्कृती बुडतीया व्हय?”

आता कुस्तीकडे वळू. व्यावसायिक कुस्ती म्हणजे आधी ठरलेल्या निकालाची, पण प्रत्यक्ष अंगावर झेललेल्या आघातांची लढत. तिच्यातील झगमगाटाचा मूळपुरुष गॉर्जियस जॉर्ज हा होय. दूरचित्रवाणी अमेरिकेत नवी असताना, 1940 नंतरच्या दशकात, हा गडी सोनेरी कुरळे केस करून, झगमगीत झगा पांघरून, मिरवणुकीच्या संगीताच्या तालावर येई. त्याच्या पुढे एक सेवक चाले आणि तो आखाड्यात सुगंधी फवारा मारून प्रतिस्पर्ध्याची दुर्गंधी घालवल्याचा आव आणी. प्रेक्षक चवताळत, शिव्या देत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकीट काढीत. तरुण मुहम्मद अलीने 1961 साली त्याची भेट झाल्यावर बढाईचा मंत्र त्याच्याकडूनच उचलला. ग्लॅम मेटलच्या गायकांच्या आयाळी पाहिल्या की, त्यांनीही याच घराण्याचा गंडा बांधला होता की काय, असे मला वाटून जाते.

त्या दोन कुळांची सोयरीक 1984–85 मध्ये उघडपणे झाली. गायिका सिंडी लॉपर ही एका महिला मल्लाची पाठराखीण होऊन आखाड्यात उतरली आणि त्या लढती एमटीव्हीवर दाखवण्यात आल्या. 31 मार्च 1985 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पहिला रेसलमेनिया, म्हणजे व्यावसायिक कुस्त्यांचा मोठा मेळा, भरला. त्याचा नायक हल्क होगन हा मल्ल होण्यापूर्वी फ्लोरिडातील रॉक संचांत बास गिटार वाजवीत असे, ही गोष्ट स्नेही मला दर भेटीस नव्याने सांगतात. पुढच्या वर्षीच्या रेसलमेनियात ब्रिटिश बुलडॉग्ज या जोडीसोबत स्वतः ऑझी चालत आला, आणि जोडीने विजेतेपद पटकावले. 1987 सालच्या रेसलमेनियात ॲलिस कूपर हा गायक जेक रॉबर्ट्स या मल्लाच्या बाजूने उभा राहिला. दोघेही आपापल्या खेळांत जिवंत अजगर वापरणारे, तेव्हा ही युती नागपंचमीस बत्तीस शिराळ्यात शोभली असती. त्या मेळ्यास 93,173 प्रेक्षक हजर होते असे आयोजक सांगतात. जाणकार ती गणती फुगवलेली मानतात, आणि फुगवण्याचाच धंदा असल्यामुळे मलाही तसेच वाटते.

या दोन्ही कलांना एकेकदा सरकारदरबारी जबानी द्यावी लागली. सप्टेंबर 1985 मध्ये गाण्यांतील अश्लीलतेची चौकशी करणाऱ्या अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे ट्विस्टेड सिस्टर या संचाचा गायक डी स्नायडर आपले जटासंभार सावरीत हजर झाला, आणि फटिंग समजून बोलावलेल्या या इसमाने असे मुद्देसूद निवेदन केले की प्रश्न विचारणारेच गोंधळले. याउलट फेब्रुवारी 1989 मध्ये न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे व्हिन्स मॅकमहन याच्या डब्ल्यूडब्ल्यूएफ या कुस्ती-कंपनीतर्फे कबुली देण्यात आली की, आमचा खेळ ही खरी स्पर्धा नसून करमणूक आहे, सबब खेळांवर देखरेख करणाऱ्या मंडळाचा अंमल आणि त्याचा कर आम्हांस लागू करू नये. ज्या गुपितासाठी मल्लांच्या कित्येक पिढ्यांनी चारचौघांत खोटे वैर पाळले, ते अखेर कर वाचवण्यासाठी दप्तरी दाखल झाले! एकाने आपण शहाणे असल्याचे सिद्ध केले, दुसऱ्याने आपण लटके असल्याचे. आणि दोघांचाही धंदा त्याने बुडाला नाही. ग्लॅम मेटल पुढे बुडाले ते निराळ्या कारणाने. 1991 च्या सप्टेंबरात निर्वाणा या संचाची तबकडी आली आणि फाटक्या सदऱ्यातील, न विंचरलेल्या केसांच्या गायकांचा जमाना सुरू झाला.

गंमत अशी की सोलापुरात हे सर्व पोचले ते नेमके याच सुमारास, म्हणजे लग्न उरकून वऱ्हाड परतल्यावर वाजंत्री यावी तसे. उपग्रह वाहिन्या आणि गल्लीतला केबलवाला एकदमच आले, त्यांनी गाणी आणली, कुस्ती आणली, आणि शाळकरी पोरांच्या खिशांत डब्ल्यूडब्ल्यूएफच्या मल्लांचे पत्ते आले, ज्यांवर उंची, वजन, छाती, दंड यांचे आकडे छापलेले असत. गणितात नापास होणारी मुले अंडरटेकरची उंची बिनचूक सांगत. अर्थात वडीलधाऱ्यांस हा प्रकार अगदीच नवा नव्हता. दारासिंग आणि किंगकाँग यांच्या ‘फ्री स्टाईल’ लढतींनी मुंबई त्यांच्या तरुणपणीच वेडी केली होती, आणि 1968 साली तेथेच दारासिंगाने अमेरिकेच्या लू थेझला नमवले होते. पुढे तोच दारासिंग दूरदर्शनच्या रामायणात हनुमान झाला, तेव्हा कोणा भाविकाने त्याच्या जुन्या कुस्त्यांचे निकाल उकरून काढले नाहीत.

पण माझे मन पालटले ते दारासिंगामुळे नव्हे, तर एका साध्या मराठी शब्दामुळे. तो शब्द म्हणजे ‘फड’. पेशव्यांच्या दफ्तरात या नावाचे खाते होते, ते असो. आमच्या सोलापूर जिल्ह्यात पंढरपुरास वारकऱ्यांचे फड असतात, शिवारात उसाचा फड असतो, मोडनिंबच्या बाजूस लावणी-तमाशाचा फड रंगतो आणि जत्रेत कुस्त्यांचा फड भरतो. लावणीच्या राज्यस्तरीय स्पर्धा ज्या अकलूजला झाल्या, त्याच अकलूजला महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्याही झालेल्या आहेत. घुंगरांस आणि शड्डूस तेथे सारखीच दाद मिळते. आनंद यादवांच्या ‘नटरंग’ कादंबरीतील पिळदार देहाचा गुणा राजा व्हायला निघतो आणि तमाशाचा फड उभा राहावा म्हणून नाच्या होतो, 2010 साली त्यावर चित्रपट निघाला तेव्हा स्नेही तो तीनदा पाहून आले आणि म्हणाले, “हे तर आमचंच हाय की.” मला ते तेव्हा कळले नाही. मागाहून कळले की, कमावलेले शरीर आणि रंगवलेला चेहरा यांत आपण समजतो तेवढे अंतर नाही. फडावर उतरणाऱ्याकडून गर्दी दोन्ही मागत असते.

तथापि एक भेद मी सोडणार नाही. आपल्याकडे आतून ठरवलेल्या लढतीस ‘नुरा कुस्ती’ म्हणतात, आणि तो शब्द शिवीप्रमाणे उच्चारला जातो. ते योग्यच आहे. लाल मातीच्या हौद्याभोवती पहाटेपासून येऊन बसलेल्या माणसाशी झालेला अलिखित करार असा की, ढाक, कलाजंग, धोबीपछाड जे काय पडेल ते खरे पडेल, आणि पाठ लागली तरच चितपट. मोहोळचा सिकंदर शेख 2023 च्या नोव्हेंबरात फुलगाव येथे शिवराज राक्षेला हरवून महाराष्ट्र केसरीची चांदीची गदा घेऊन आला, तेव्हा तालुक्याने गुलाल उधळला तो या कराराच्या भरवशावर. अमेरिकी आखाड्यातला करार निराळा आहे: तेथे प्रेक्षक नाटकाला आल्यासारखा येतो, आणि खलनायकास शिव्या देणे ही त्याची भूमिका असते. करार मोडला तर लबाडी. पाळला तर कला. स्नेह्यांना हा माझा भेद मान्य आहे, फक्त ते पुस्ती जोडतात की, हाड मोडायचे ते दोन्हीकडे खरेच मोडते. 1999 च्या मे महिन्यात कॅन्सस सिटीत ओवेन हार्ट हा मल्ल छतावरून दोराने खाली उतरण्याच्या दिखाऊ प्रवेशात कोसळून मेला, ही बातमी त्यांनी दुकानात ऐकली आणि त्या दिवशी शटर लवकर ओढले.

यंदा जत्रेच्या कुस्त्यांना त्यांनी मला ओढून नेले. हलगीवाल्याने काटक्यांच्या जाळावर कातडे शेकून ताणून घेतले होते. घुमक्याची साथ मिळताच त्याने जी धुमाळी उठवली ती छातीच्या फासळ्यांत वाजू लागली. तेवढ्यात गुलाबी फेटा बांधलेला, तेलाने चकाकणारा एक मल्ल गर्दी फोडीत आला, मातीला हात लावून त्याने कपाळी नेला, आणि शड्डू असा ठोकला की पुढच्या रांगेतले पोर दचकले. स्नेही डोळे मिटून, मान खालीवर हलवीत उभे होते, जसे ते आपल्या खोलीत गिटारीच्या तानेला उभे राहतात. मग खडाखडी झाली, मनगटे पकडली गेली, सुटली, पुन्हा पकडली गेली. वीस मिनिटे उलटली तरी कोणी खाली जाईना, तेव्हा पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. गर्दीतून शिट्ट्या आणि नाराजीचे दोन-चार शब्द आले.

“मास्तर,” स्नेही माझ्या कानाशी ओरडले, “ही नुरा होती का हो?”

मी मातीत उभ्या असलेल्या त्या पैलवानाकडे पाहिले. त्याचा कान जुन्या लढतींनी चुरगळून गेलेला होता आणि ओठ फुटला होता, आणि तो प्रतिस्पर्ध्याच्या गळ्यात हात टाकून हसत होता. मला काही सांगता आले नाही. हलगीवाला पुढच्या जोडीसाठी हलगी शेकायला जाळाकडे निघाला होता.