घसारा कुठे धरायचा?

पर्यावरणाचा पेपर माझ्या गळ्यात पडला, कारण माझे तास भरत नव्हते. साल २००४. वकील एम. सी. मेहतांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने हा विषय शिकवा असं १९९१ मध्येच बजावलं होतं; पदवीच्या वर्गापर्यंत ते पोचायला एवढी वर्षं लागली. यूजीसीचा अभ्यासक्रम आला, एराक भरुचांचं पुस्तक आलं. पन्नास तास, ७५ गुण लेखी, २५ फील्डवर्कला. मी कोल्हापुरात बी.कॉम.ला कॉस्टिंग शिकवणारा. अन्नसाखळी काढताना माझा बेडूक बटाट्यासारखा दिसायचा.

पहिली काही वर्षं सांगण्यासारखी नाहीत. रंकाळा तलावाचे तेच तीन फोटो दरवर्षी नव्या फायलींतून यायचे आणि मी सही करून मोकळा व्हायचो.

पुढे कॉस्टिंगच्याच तासाला एका मुलाने घरच्या फाउंड्रीचं कॉस्ट शीट करून आणलं. लोखंड, कोक, वीज, मजुरी, वाळू.

‘‘वापरलेल्या वाळूचं काय करता?’’

‘‘टाकतो की, सर. माळावर.’’

ट्रॅक्टरचं भाडं चोख मांडलेलं; माळ फुकट. जरा थांबून त्यानंच विचारलं, ‘‘मग माळाचा घसारा कुठे धरायचा?’’

प्रश्न चूक होता. घसारा आपल्या मालमत्तेवर धरतात. तसं सांगायला लागलो आणि सांगता सांगताच अडखळलो. त्या वर्षापासून बेडूक बंद, दोन्ही विषय एकाच वहीत.

पर्यावरणाला संस्कृती जोडणं मी टाळतच होतो. ‘आपल्या पूर्वजांनी’ने सुरू होणारं भाषण मला जमत नाही. एका मे महिन्यात पोरांना देवराईत नेलं, एवढंच. पडलेलं लाकूडही कुणी नेत नाही, असं गुरवांनी सांगितलं. खाली झरा वाहत होता. एका मुलीने अहवालाला शीर्षक दिलं : गंगाजळी. पैकीच्या पैकी दिले.

२०१४ पासून कंपन्यांना सीएसआर, म्हणजे सामाजिक उत्तरदायित्व, लागू झालं आणि विषयाला अचानक भाव आला. पर्यावरण आणि वारसा, दोन्ही कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात. पण मुलांच्या डोक्यात बसलं ते नफ्यातले ‘दोन टक्के’. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांबद्दल वर्गात कुणी विचारीना. याचा मला अजून राग आहे.

फाउंड्रीवाला मुलगा परवा भेटला. कारखाना आता तोच बघतो. वाळू पुन्हा वापरायचं यंत्र बसवलंय, नव्या वाळूचा खर्च किती वाचला तेही तोंडपाठ. माळावरच्या जुन्या ढिगांचं विचारलं. त्यांवर गाजरगवत माजलंय म्हणे.

‘‘ते वडिलांच्या वेळचं देणं, सर,’’ तो म्हणाला.