पत्र्यावरचा धोंडा आणि विधान परिषदेचा दिवस

10 जुलै 2024, बुधवार. सकाळी सव्वासातच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी तालुक्यात जमीन हलली. तीव्रता 4.5, केंद्र रामेश्वर तांड्याच्या बाजूला. त्याआधी 21 मार्चच्या पहाटेही तेवढाच हादरा बसला होता आणि त्याचे केंद्र आखाडा बाळापूरजवळच्या जांब गावाकडे होते. त्या वेळी प्रशासनाने लोकांना एक साधी सूचना केली: पत्र्यावर ठेवलेले दगड उतरवून घ्या. वावटळीत पत्रे उडू नयेत म्हणून आपल्याकडे त्यांवर धोंडे ठेवतात. भिंत हलली, पत्रा सरकला, की तोच धोंडा खाली झोपलेल्या माणसावर येतो.

जुलैतला हादरा बसला तेव्हा मुंबईत विधिमंडळाचे पावसाळी अधिवेशन चालू होते आणि संपायला दोनच दिवस उरले होते. अशा वेळी बाळापूरची ही काळजी वरच्या सभागृहात, म्हणजे विधान परिषदेत न्यायची, तर ती कोणत्या दाराने जाते? परिषदेचा एक दिवस समजून घ्यायला हा प्रश्न हाताशी असलेला बरा.

आधी आपले तिथे कोण, ते पाहू. परिषदेत 78 सदस्य. त्यांतले 30 विधानसभेचे आमदार निवडतात, 22 स्थानिक स्वराज्य संस्थांचे प्रतिनिधी, 7 पदवीधर, 7 शिक्षक, आणि 12 जणांची नेमणूक राज्यपाल करतात. अमेरिकेतल्या राज्यांच्या सिनेटमध्ये लोक थेट मत देऊन सदस्य पाठवतात. आपल्याकडे बहुतेक मतदारांसाठी ही वाट आडवळणाची आहे. बाळापूरचा पदवीधर मराठवाड्याच्या पदवीधर मतदारसंघात मत देऊ शकतो, पण त्यासाठी पदवी मिळून तीन वर्षे झालेली हवीत आणि अर्ज क्रमांक 18 भरायला हवा. मतदार यादी दर निवडणुकीला नव्याने होते. मागच्या वेळी नाव होते म्हणून या वेळीही असेल, असे धरून बसलेल्या किती तरी जणांचे मत असेच हुकते.

परभणी आणि हिंगोली जिल्हे मिळून स्थानिक संस्थांचा एक मतदारसंघ आहे. तिथे जिल्हा परिषद सदस्य, नगरसेवक आणि पंचायत समितीचे सभापती मत देतात; सरपंचाला मत नाही. 2018 मध्ये तिथून निवडून आलेल्या विप्लव बजोरिया यांची मुदत जून 2024 मध्ये संपली. जिल्हा परिषदांच्या आणि नगरपालिकांच्या निवडणुका रखडलेल्या, म्हणजे मत द्यायला मतदारच नव्हते, आणि जागा रिकामी राहिली. जुलैत भूकंप झाला तेव्हा दोन जिल्ह्यांची ही खुर्ची मोकळी होती. स्थानिक संस्थांच्या निवडणुका लांबल्या की त्याची झळ थेट वरच्या सभागृहापर्यंत पोचते. याबद्दल आपण पुरेसे बोलत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. कळमनुरीचे नाव मात्र तेव्हा परिषदेत होते: डॉ. प्रज्ञा सातव 2021 मध्ये बिनविरोध आल्या होत्या आणि 12 जुलै 2024 रोजी आमदारांच्या मतांवर पुन्हा निवडून आल्या.

आता दिवस. घंटा वाजते, सभापती आसनावर येतात, सगळे उभे राहतात. विधानसभेत अध्यक्ष, परिषदेत सभापती; वर्तमानपत्रेही कधी कधी इथे गल्लत करतात. कामकाज चालायला किमान 10 सदस्य हजर हवेत. यालाच गणपूर्ती म्हणतात.

पहिला तास प्रश्नोत्तरांचा. तारांकित प्रश्न आणि त्यांची उत्तरे आधीच छापून वाटलेली असतात. त्यांची भाषा एकदा ओळखीची झाली की शासनाचा कागद वाचता येऊ लागतो. प्रश्न असा असतो: अमुक गावात अमुक झाले, हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? आणि उत्तर: हे अंशतः खरे आहे; प्रश्न उद्भवत नाही. खरी कसोटी यानंतरची. सदस्य उठून उपप्रश्न विचारतो आणि मंत्र्याला छापील कागदाबाहेरचे उत्तर द्यावे लागते. ‘अंशतः’ म्हणजे नेमके किती, हे तिथे कळते.

पण सकाळी सव्वासातच्या हादऱ्याला हे दार उघडत नाही. तारांकित प्रश्नाची सूचना कितीतरी दिवस आधी द्यावी लागते. मार्चच्या भूकंपाने तडे गेलेल्या भिंतींचे पंचनामे झाले का, हे जुलैत तारांकित प्रश्नाने विचारता येते. आजच्या हादऱ्याचे नाही.

त्यासाठी प्रश्नोत्तरे संपल्यावरची घाईची वेळ असते. मंत्री अहवाल आणि कागदपत्रे सभागृहासमोर ठेवतात, आणि लगेच विरोधी बाकांवरून नियम 289 ची सूचना येते: आजचे ठरलेले काम बाजूला ठेवा, आधी हे घ्या. सभापती बहुतेक वेळा ती नाकारतात, पण नाकारण्याआधी सदस्याला थोडक्यात बोलू देतात, आणि तेवढ्यात गावाचे नाव सभागृहाच्या नोंदीत जाते. औचित्याचा मुद्दा हे त्याहून शांत दार. दोन मिनिटांत विषय मांडायचा. सभापतींना वाटले तर ते म्हणतात, शासनाने याची नोंद घ्यावी.

सविस्तर उत्तर हवे असेल तर लक्षवेधी सूचना. ग्रामीण भागासाठी परिषदेतले सगळ्यांत कामाचे हत्यार हेच, असे माझे मत आहे. सूचना स्वीकारली गेली की संबंधित मंत्र्याला लेखी निवेदन द्यावे लागते. मंत्रालयातून जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथून तहसीलदाराकडे विचारणा जाते. म्हणजे सभागृहात एक शब्द उच्चारला जाण्याआधीच तलाठी गावात येऊन गेलेला असतो.

दुपारनंतर विधेयके. विधानसभेने संमत केलेले विधेयक इथे येते, चर्चा होते, मग खंड एकेक करून मताला टाकतात. सभापती विचारतात, सदस्य ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणतात. आवाजावरून समाधान झाले नाही तर मतविभाजन. परिषदेला विधेयक कायमचे अडवता येत नाही. साधे विधेयक आधी तीन महिने, दुसऱ्यांदा आल्यावर एक महिना रोखता येते. धन विधेयक 14 दिवसांत परत द्यावेच लागते. म्हणून काही जण या सभागृहाला बिनकामाचे ठरवतात. मला ते पटत नाही. रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे 1960 ते 1978 अशी अठरा वर्षे याच परिषदेचे सभापती होते. दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या मराठवाड्याच्या कितीतरी घरांत त्या योजनेच्या मजुरीने चूल पेटली आहे.

शिवाय आपल्यासाठी हे सभागृह तसे नवेच. निजामाच्या राजवटीनंतरच्या हैदराबाद राज्यात फक्त विधानसभा होती. मराठवाडा 1 नोव्हेंबर 1956 रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात आला, तेव्हा कुठे वरचे सभागृह आपल्या वाट्याला आले.

दिवसभर एक काम न थांबता चालू असते. सदस्यांसमोरच्या टेबलाशी प्रतिवेदक बसतात. थोड्या थोड्या वेळाने एक उठतो, दुसरा त्याची जागा घेतो, आणि बोललेला प्रत्येक शब्द लिहिला जातो. गोंधळातले वाक्य सभापतींनी काढून टाकायला सांगितले तरच ते जाते. मंत्री सहज म्हणून गेले की ‘तपासून कार्यवाही केली जाईल’, तरी ते आश्वासन ठरते. आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते आणि शासनाने 90 दिवसांत त्याची पूर्तता करावी अशी अपेक्षा असते.

म्हणून आपल्या भागाचा विषय सभागृहात निघाला की टाळ्या वाजवून थांबू नये. तारीख, प्रश्नाचा किंवा सूचनेचा क्रमांक आणि मंत्र्यांचे नेमके वाक्य वहीत उतरवून ठेवावे. तीन महिन्यांनी तो कागद घेऊन तहसील कचेरीत जावे, आणि डिसेंबरात नागपूरचे अधिवेशन भरण्याआधी त्याची एक प्रत आपल्या सदस्याच्या हातात द्यावी.