हाडांची झीज आणि रक्ताची साक्ष

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन करून ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. घरांच्या जमिनीखाली पुरलेल्या सांगाड्यांवरून त्या माणसांचा आहार आणि आजार अभ्यासकांना वाचता आले. हाड हा बोलका दस्तऐवज आहे. मात्र इतिहासाच्या हाती तो मृत्यूनंतर लागतो. आपल्या आयाबहिणींच्या हाडांची झीज त्यांच्या हयातीतच, थोड्याशा रक्तातून समजू शकते.

हाड जिवंत असते. त्यातील काही पेशी जुने हाड विरघळवतात, काही नवे रचतात. इस्ट्रोजेन हे संप्रेरक विरघळवणाऱ्या पेशींना आवर घालते. रजोनिवृत्तीनंतर ते घटते आणि पहिल्या काही वर्षांत झीज वेगाने होते. बहुधा काही दुखत नाही; मनगट, मणका वा खुबा मोडेपर्यंत पत्ता लागत नाही.

जुने हाड विरघळताना त्यातील कोलॅजेन या प्रथिनाचे तुकडे रक्तात येतात. त्यांपैकी एक सीटीएक्स. नवे हाड रचले जाताना पी१एनपी हा घटक रक्तात उतरतो. चिंचणीच्या घोड धरणाचे उदाहरण घेऊ. सीटीएक्स म्हणजे विसर्ग, पी१एनपी म्हणजे आवक. धरणातील साठा मात्र निराळा मोजावा लागतो. हाडांचा साठा डेक्सा या क्ष-किरण तपासणीने कळतो. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली गेल्यास ऑस्टिओपोरोसिस समजतात. म्हणून केवळ रक्तावरून निदान होत नाही. झीज किती वेगाने चालली आहे आणि औषध लागू पडते आहे का, हे मात्र रक्त तीन ते सहा महिन्यांत सांगते. सीटीएक्ससाठी रक्त सकाळी उपाशीपोटी द्यावे. नुकतेच हाड मोडले असल्यास आकडे वाढलेले येतात.

एक गैरसमज दूर व्हावा. ‘रक्तातले कॅल्शियम नॉर्मल’ या शेऱ्याने निर्धास्त होऊ नये. रक्तातील पातळी राखण्यासाठी शरीर हाडांतूनच कॅल्शियम काढून घेते. दागिने मोडून घरखर्च भागवावा, तसे.

दौंड-शिरूरच्या फडांत ऊसतोडीसाठी बाहेरच्या जिल्ह्यांतून कुटुंबे येतात. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीला बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. गर्भाशयासोबत दोन्ही अंडाशयेही काढली, तर तिशीतही तत्काळ रजोनिवृत्ती येते आणि हाडांची झीज तेव्हापासूनच सुरू होते. केवळ गर्भाशय काढले असेल, तर पाळी आधीच थांबलेली असल्याने पुढे रजोनिवृत्ती कधी झाली, हे त्या स्त्रीला उमगतच नाही.

मोळ्या वाहून आईच्या पाठीला आलेला बाक हे तिचे प्राक्तन नव्हे. तिची उंची कमी झाली आहे का, शस्त्रक्रियेत नेमके काय काढले, हे घरी विचारावे. रुग्णालयाचे जुने कागद शोधून डॉक्टरांसमोर ठेवावेत. ज्या मातांना ते कागद वाचता आले नाहीत, त्यांच्यासाठी ते वाचणे हे वसतिगृहात राहून शिकलेल्या प्रत्येक मुलामुलीचे काम आहे.