अनेक डिस्कांचा संघ

बिंबाजी भोसल्यांनी १७५८ पासून रतनपूर येथून छत्तीसगढचा कारभार पाहिला. १८१८ नंतर इंग्रज अधिकाऱ्यांनी मुख्य ठाणे रायपूरला आणले. त्या काळातील मोडी कागद येथील ज्या मराठी घरांत उरले असतील, त्यांची छायाचित्रे संगणकात साठवावीत हे उचितच होय. परंतु संगणकाची हार्ड डिस्क एखाद्या दिवशी पूर्वसूचनेवाचून बंद पडते. वाळवी निदान काही पाने तरी मागे ठेवते.

एका मोठ्या, महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडाव्यात, असा विचार कॅलिफोर्नियातील बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी १९८८ मध्ये एका निबंधात मांडला. या रचनेस ‘रेड’ म्हणतात. मजकुराचे तुकडे दोन डिस्कांवर वाटले, तर दोन्ही एकाच वेळी वाचल्या जाऊन गती वाढते; मात्र एक बिघडली की सर्वच गेले. हा ‘रेड शून्य’. दोहोंवर तोच मजकूर ठेवला तर ‘रेड एक’; त्यात निम्मी जागा खर्ची पडते.

खरी मौज पुढेच आहे. तीन डिस्कांवर ५, ३ व ६ हे अंक आणि चौथीवर त्यांची बेरीज १४ ठेवली, असे समजू. दुसरी नष्ट झाली, तरी १४ मधून ११ वजा करता हरवलेला ३ परत मिळतो. प्रत्यक्षात बेरीज न ठेवता, एकांची संख्या सम की विषम एवढेच नोंदतात आणि ‘रेड पाच’मध्ये ही नोंद सर्व डिस्कांवर आळीपाळीने ठेवतात. ४ टेराबाइटच्या चार डिस्कांतून अशा रीतीने १२ टेराबाइट जागा मिळते.

मात्र नवी डिस्क भरून निघेपर्यंत उरलेल्या साऱ्या आरंभापासून अखेरपर्यंत वाचाव्या लागतात. त्याला कधी दिवसही लागतात, आणि एकदमच विकत घेतलेल्या, रायपूरचे उन्हाळे एकत्रच सोसलेल्या डिस्कांपैकी दुसरीही तेवढ्यात जाऊ शकते. म्हणून ‘रेड सहा’ दोन डिस्कांचा नाश सोसतो.

चुकून पुसलेले पान मात्र कोणताही रेड परत देत नाही. जुळ्या डिस्कवरूनही ते त्याच क्षणी पुसले जाते. लीळाचरित्राची मूळ प्रत हरवल्यावर शिष्यांच्या स्मरणातून ते पुन्हा सिद्ध झाले, असे महानुभाव परंपरा सांगते. ती स्मरणे निरनिराळ्या व्यक्तींपाशी होती. तेव्हा एक स्वतंत्र प्रत नागपूरच्या आप्तांकडे ठेवावी आणि वर्षातून एकदा ती उघडून पाहावी.