घरच्या घरी पिसे काढण्याचे यंत्र

गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा तालुका हा अरण्याच्या कुशीत वसलेला मुलूख आहे. धानाची शेती हा येथील मुख्य आधार. तथापि सणासुदीला, पाहुण्यांच्या पाहुणचाराला आणि अडीअडचणीच्या वेळी उपयोगी पडते ती परसातील कोंबडी. गोंड व माडिया वस्त्यांतून गावठी कोंबड्या व लढाऊ जातीचे असील पक्षी दिसतात, तर पूर्व बंगालमधून येऊन येथे स्थायिक झालेल्या कुटुंबांकडे बदकेही पाळली जातात. अलीकडे जपानी लाव्ही पाळण्याकडेही काही तरुणांचे लक्ष वळले आहे.

पक्षी पाळणे सोपे. परंतु त्याची पिसे काढणे हे कंटाळवाणे काम बहुधा घरातील स्त्रियांच्या वाट्याला येते. एका पक्ष्याला सहज दहा-पंधरा मिनिटे लागतात. दहा पक्षी तयार करावयाचे असल्यास दोन-अडीच तास त्यातच जातात. हे श्रम वाचविणारे साधे यंत्र गावच्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेता येते. अमेरिकेतील हेरिक किंबॉल यांनी पिंपाच्या आकाराच्या घरगुती यंत्राची कृती पुस्तकरूपाने दिली आहे. थोड्या पक्ष्यांसाठी मात्र पुढे दिलेले रुळाचे यंत्र अधिक सोयीचे व कमी खर्चाचे पडते.

रानपक्ष्यांविषयी इशारा

यंत्राकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. रानकोंबडा, तित्तिर, रानातील लाव्हा, मोर इत्यादी पक्ष्यांची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे. पूर्वी पारध चालत असे म्हणून आज ती क्षम्य ठरत नाही. एका रानपक्ष्यासाठी कुटुंबातील कर्त्या माणसावर तुरुंगाची पाळी येऊ शकते. म्हणून हे यंत्र केवळ पाळलेल्या पक्ष्यांसाठीच वापरावे, आणि ग्रामसेवकांनी हे सांगण्यास विसरू नये.

यंत्राची रचना

चार इंच व्यासाचा, जाड भिंतीचा, एक फूट लांबीचा प्लॅस्टिकचा नळ घ्यावा. त्यावर सहा ओळींत, प्रत्येक ओळीत पाच, अशी तीस भोके पाडावीत. शेजारच्या ओळींतील भोके एकमेकांसमोर न येता आडवीतिडवी यावीत. या भोकांत कुक्कुटपालन साहित्याच्या दुकानात मिळणारी चार इंची रबरी बोटे घट्ट बसवावीत. जुन्या टायरच्या पट्ट्या वापरू नयेत. त्यातील तारा मांसात शिरण्याचा धोका असतो.

नळाच्या मधून पाऊण इंची लोखंडी दांडा घालावा. दांड्याला दोन चकत्या वेल्ड करून त्यांवर नळाची दोन्ही झाकणे नट-बोल्टने आवळावीत, म्हणजे नळ दांड्यावर सैल फिरणार नाही. दांड्याची टोके अँगलच्या अडीच फूट उंच घोडीवर बेअरिंगमध्ये बसवावीत. मागच्या व वरच्या बाजूस पत्र्याचे आच्छादन करावे आणि खाली पिसे जमा होण्यासाठी पेटी ठेवावी.

अर्ध्या अश्वशक्तीची, मिनिटाला १,४४० फेरे घेणारी मोटर पुरेशी होते. मोटरीवर दोन इंची व रुळाच्या दांड्यावर आठ इंची पुली बसविल्यास फेरे चौपटीने घटून रूळ मिनिटाला ३६० वेळा फिरतो. याहून फार वेग दिल्यास कातडी फाटते. फार कमी दिल्यास पिसे निघत नाहीत. काम करणाऱ्याच्या समोरची बोटे वरून खाली फिरतील अशी दिशा ठेवावी.

वीज नसेल तेथे जुनी सायकल उपयोगी पडते. पुढील चक्राला ४८ व मागील चक्राला १८ दाते असतील आणि पायडल मिनिटाला ६० वेळा फिरविले, तर मागील चाक १६० फेरे घेते. टायर काढून २४ इंची धावेवरून दहा इंची पुलीला पट्टा दिल्यास रुळाला सुमारे ३८४ फेरे मिळतात. मात्र जून कोंबड्यासाठी पायडल जड जाते.

मोटर वापरताना भूमिजोडणी व गळती होताच प्रवाह तोडणारे बटण अवश्य बसवावे. ओल्या हाताने कळ दाबू नये. पट्ट्यावर झाकण असावे. साडीचा पदर, सैल बाही व मुले यंत्रापासून दूर ठेवावीत.

पाण्याचे तापमान

यंत्राचे यश बोटांइतकेच पाण्यावर अवलंबून असते. उष्णतेने पिसांच्या मुळाशी असलेली पकड ढिली होते. कापल्यानंतर रक्त पूर्ण निथळून सर्व हालचाल थांबल्यावाचून पक्षी पाण्यात घालू नये. त्यास सुमारे दोन मिनिटे लागतात. मग कोंबडी ५८ ते ६० अंश सेल्सियसच्या पाण्यात एक ते सव्वा मिनिट हलवीत बुडवावी. जून असीलास थोडा अधिक वेळ लागतो. लाव्हीची कातडी नाजूक असल्याने ५३ ते ५५ अंशांचे पाणी घ्यावे व अर्ध्या मिनिटाने पाहावे. बदकाच्या पिसांवर तेल असते. पाण्यात थोडा साबण टाकल्यास पाणी आत शिरते व तो नंतर धुऊन काढावा. पंखाचे मोठे पीस सहज हातात आले की पक्षी तयार समजावा. उकळते पाणी कातडी शिजवून टाकते, म्हणून स्वस्त तापमापक जवळ असावा.

पक्षी दोन्ही पायांना घट्ट धरून रुळावर हलक्या हाताने टेकवावा व फिरवीत राहावे. कोंबडीस सुमारे एक मिनिट पुरते. उरलेली बारीक पिसे हाताने काढून पक्षी धुवावा, पोट स्वच्छ करावे व लगेच बर्फाच्या पाण्यात थंड करावा अथवा ताबडतोब शिजवावा.

स्वच्छता व रोगापासून सावधगिरी

काम आटोपल्यावर रूळ साबणाने धुऊन, दहा लिटर पाण्यात सहा ग्रॅम ब्लीचिंग पावडर घालून केलेल्या पाण्याने निर्जंतुक करावा. पिसांत नत्र भरपूर असते. ती शेणासह विहिरीपासून दूरच्या खड्ड्यात थर देऊन कुजवावीत. पिसे सावकाश कुजतात, म्हणून घाई करू नये. तयार मांस विकावयाचे असल्यास अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करून घ्यावी.

आजारी किंवा आपोआप मेलेला पक्षी या यंत्रावर कधीही घालू नये. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूचा उद्रेक झाला व असंख्य कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. कळपात अचानक मरतुक दिसताच पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. रूळ फिरताना रोगट पक्ष्याचे कण हवेत उडतात व माणसासही बाधा होऊ शकते.

एका घरास हे यंत्र परवडत नसले तरी बचत गटास वा शेजारच्या चार घरांस मिळून ते सहज करता येईल. ग्रामसेवकांनी बाजाराच्या दिवशी त्याचे एक प्रात्यक्षिक घडवून आणावे. स्त्रियांचा वाचलेला वेळ आणि स्वच्छ तयार झालेला पक्षी, या दोन गोष्टी पाहिल्यावर इतर प्रचाराची गरज उरणार नाही.