इम्युलेटर

एका विशिष्ट रचनेच्या संगणकासाठी तयार केलेल्या आज्ञावली भिन्न रचनेच्या संगणकावर चालाव्यात, म्हणून मूळ संगणकाच्या वर्तनाची नक्कल करणारी व्यवस्था. हिला ‘अनुकरणक’ असेही म्हणता येईल. १९६४ मध्ये आय्. बी. एम्. कंपनीने जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० मालिकेतील काही संगणकांवर जुन्या १४०१ संगणकाच्या आज्ञावली अशा रीतीने चालविता येत. पुढे ही पद्धती मुख्यतः जुन्या व्हिडिओ खेळांमुळे परिचित झाली. त्यासाठी हातात मावणारी खास खेळयंत्रेही तयार होतात.

निंटेंडो या जपानी कंपनीचे गेम बॉय हे खेळयंत्र या संदर्भात उद्‌बोधक आहे. गुनपेई योकोई यांच्या विभागात विकसित झालेले हे यंत्र २१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये विक्रीस आले. त्याचा ८ बिटांचा संस्कारक सेकंदास सु. ४१·९ लक्ष स्पंदांच्या गतीने चाले. पडद्यावर १६० × १४४ चित्रबिंदू असून छटा चारच होत्या. खेळ कार्ट्रिजमधील स्थिर स्मृतीत साठविलेला असे.

कार्यपद्धती : कार्ट्रिजमधील मजकूर वाचक उपकरणाने प्रथम फाइलमध्ये उतरवून घेतात. इम्युलेटर त्यातील एकेक आज्ञा वाचतो, तिचा अर्थ लावतो आणि मूळ संस्कारकाने केली असती तीच क्रिया नव्या संस्कारकाकडून करवून घेतो. मात्र एवढ्याने भागत नाही. चित्र, ध्वनी व कालमापन यांसाठी मूळ यंत्रात स्वतंत्र मंडले असतात व ती संस्कारकाबरोबरच चालू असतात. गेम बॉयमध्ये एक चित्रचौकट ७०,२२४ स्पंदांत पूर्ण होते, म्हणजे सेकंदास सु. ५९·७ चौकटी. तेवढ्या स्पंदांचे काम उरकल्यावर इम्युलेटरला पुढील चौकटीची वेळ होईपर्यंत थांबावे लागते; अन्यथा खेळ भलत्याच वेगाने धावू लागतो. काही खेळ चौकट अर्धी रेखाटली जात असतानाच चित्रविषयक मूल्ये बदलतात. अशा वेळी संपूर्ण चौकट एकदम रेखाटणारा इम्युलेटर चुकीचे चित्र दाखवितो. म्हणून साध्या यंत्राच्या अचूक अनुकरणासाठीही मूळ यंत्राच्या कितीतरी पट गती लागते आणि हातातील यंत्रात अधिक गती म्हणजे विद्युत्‌ घटाचा अधिक खर्च.

पडद्याचा प्रश्नही असाच आहे. ६४० × ४८० चित्रबिंदूंच्या पडद्यावर गेम बॉयचे चित्र तिप्पट केल्यास ४८० × ४३२ बिंदू व्यापले जातात व भोवती काळी चौकट उरते. उंची पूर्ण भरावयाची, तर ३·३३ पट वाढ करावी लागते; त्यामुळे मूळचे काही बिंदू तीन, तर काही चार बिंदूंएवढे होऊन चित्र ओबडधोबड दिसते.

जतन आणि कायदा : कार्ट्रिज व चकत्या कालांतराने निकामी होतात. खेळाडूची प्रगती साठविणारी स्मृती पुष्कळ कार्ट्रिजांत लहानशा विद्युत्‌ घटावर अवलंबून असते व तो संपला की नोंदी पुसल्या जातात. अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी सु. ८७ टक्के खेळ बाजारात उपलब्ध नाहीत, असे व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ मधील पाहणीत आढळले. असे खेळ पुढील पिढ्यांना प्रत्यक्ष चालवून पाहता येण्याचे इम्युलेटर हे प्रमुख साधन आहे.

मात्र इम्युलेटर आणि खेळ या कायद्याच्या दृष्टीने भिन्न गोष्टी होत. सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात अमेरिकेतील नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने २००० मध्ये असा निर्णय दिला, की इम्युलेटर तयार करण्यासाठी मूळ यंत्राच्या अंतर्गत आज्ञावलीच्या अभ्यासार्थ केलेल्या प्रती हा न्याय्य वापर ठरतो. खेळावरील स्वामित्वहक्क यामुळे संपुष्टात येत नाही. भारतात १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाचे कलम ५२ आज्ञावलीची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्यास नाश वा हानी यांपासून संरक्षण म्हणून राखीव प्रत करण्याची मुभा देते. ती इतरांस वाटण्याची नव्हे. त्यामुळे ज्या खेळाचा हक्कधारक सापडत नाही किंवा तो पुन्हा विकण्यास उत्सुक नाही, असा खेळ तांत्रिक दृष्ट्या जतन करता येत असूनही सर्वांस खुला करता येत नाही.