तत्त्वज्ञाचे ग्रंथ सर्वांसाठी खुले : एका स्वयंसेवी प्रकल्पाची ओळख

ऑस्ट्रियातील खेड्यांमध्ये १९२० ते १९२६ या काळात प्राथमिक शिक्षकाचे काम करणाऱ्या एका गृहस्थांना एक अडचण प्रकर्षाने जाणवली. विद्यार्थ्यांनी आपले शुद्धलेखन स्वतः तपासावे, तर त्यांना परवडेल असा शब्दकोशच नव्हता. तेव्हा या शिक्षकाने स्वतःच प्राथमिक शाळांसाठी एक छोटा शब्दकोश तयार केला. तो १९२६ साली प्रसिद्ध झाला. हे शिक्षक म्हणजे विसाव्या शतकातील थोर तत्त्वज्ञ लुडविग विट्गेनस्टाइन होत.

त्यांचे स्वतःचे ग्रंथ मात्र सामान्य वाचकाला दीर्घकाळ सहजासहजी उपलब्ध नव्हते. ही उणीव दूर करण्याचे काम ‘लुडविग विट्गेनस्टाइन प्रकल्प’ हा स्वयंसेवकांचा उपक्रम करीत आहे. त्यांचे लेखन संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य वाचता यावे, हा या उपक्रमाचा हेतू आहे.

प्रताधिकाराची मुदत

विट्गेनस्टाइन यांच्या हयातीत त्यांचा तत्त्वज्ञानविषयक एकच ग्रंथ प्रकाशित झाला. ‘ट्रॅक्टेटस’ या नावाने प्रसिद्ध असलेला हा ग्रंथ जर्मन भाषेत १९२१ साली व इंग्रजी अनुवादासह १९२२ साली छापला गेला. २९ एप्रिल १९५१ रोजी केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या मागे सुमारे २०,००० पृष्ठांची हस्तलिखिते व टंकलिखिते होती. त्यांतूनच ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’ हा ग्रंथ १९५३ साली व इतर ग्रंथ त्यानंतर प्रकाशित झाले.

लेखकाला आपल्या श्रमाचे फळ मिळावे, यासाठी कायद्याने प्रताधिकार दिला आहे. तो कायमचा नसतो. युरोपातील बहुतेक देशांत तो लेखकाच्या निधनानंतर ७० वर्षे टिकतो. त्यानुसार १ जानेवारी २०२२ रोजी विट्गेनस्टाइन यांचे मूळ लेखन त्या देशांत खुले झाले. अमेरिकेतील नियम निराळा आहे. तेथे १९५३ सालच्या ग्रंथाचे संरक्षण प्रकाशनापासून ९५ वर्षे, म्हणजे २०४८ अखेरपर्यंत चालू राहू शकते. म्हणूनच कोणता मजकूर कोणत्या देशांत खुला आहे, याची सूचना प्रकल्पाकडून वाचकांना दिली जाते.

अनुवादाचा प्रश्न

मूळ ग्रंथ खुला झाला म्हणजे त्याचा अनुवादही खुला झाला, असा समज होण्याचा संभव आहे. तो बरोबर नाही. अनुवाद ही स्वतंत्र कृती मानली जाते व तिचा प्रताधिकार अनुवादकाच्या निधनापासून मोजला जातो. ‘इन्व्हेस्टिगेशन्स’च्या प्रसिद्ध इंग्रजी अनुवादाच्या कर्त्या एलिझाबेथ अॅन्सकम यांचे निधन २००१ साली झाले. साहजिकच, ब्रिटनमध्ये त्यांचा अनुवाद २०७१ अखेरपर्यंत संरक्षित आहे. ज्याला जर्मन येत नाही, त्याच्या दृष्टीने ग्रंथ खुला होऊनही बंदच राहतो. यावर उपाय म्हणून प्रकल्पाच्या वतीने नवे अनुवाद करण्यात येतात आणि इतरांना त्यांचा वापर करता येईल अशा मुक्त परवान्याखाली ते प्रसिद्ध केले जातात.

मजकुराची शुद्धता हाही महत्त्वाचा प्रश्न आहे. तत्त्वज्ञानात एक शब्द चुकला तरी अर्थ पालटतो. ‘ट्रॅक्टेटस’मधील विधानांना दशांश पद्धतीचे क्रमांक आहेत व तर्कशास्त्रातील चिन्हेही आहेत. एक क्रमांक इकडचा तिकडे झाला, तर विधानांचा परस्परसंबंधच तुटतो. कायद्याची मुदत संपल्याने ग्रंथ केवळ मोकळा होतो. वाचकाच्या हाती तो विश्वसनीय स्वरूपात पोहोचतो, तो मुद्रितशोधन करणाऱ्या माणसांच्या चिकाटीमुळे.

आपल्याकडील संधी

भारतात १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमानुसार लेखकाच्या हयातीत प्रकाशित झालेल्या साहित्याचा प्रताधिकार त्याच्या निधनानंतर ६० वर्षे राहतो. ही मुदत निधनानंतरच्या कॅलेंडर वर्षाच्या प्रारंभापासून मोजली जाते. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले. त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके १ जानेवारी २०११ पासून सर्वांना खुली आहेत. निधनानंतर प्रथमच प्रकाशित झालेल्या लेखनाची मुदत मात्र प्रकाशनवर्षावरून ठरते, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

मराठीतील असे साहित्य संगणकावर आणण्यासाठी ‘विकिस्रोत’ हे व्यासपीठ उपलब्ध आहे. तेथे छापील पृष्ठाचे चित्र व टंकलिखित मजकूर शेजारी शेजारी दिसतात. एका स्वयंसेवकाने तपासलेले पृष्ठ दुसरा पुन्हा तपासतो. या कामास मोठ्या भांडवलाची गरज नाही. शुद्धलेखनाची जाण, थोडा वेळ आणि इंटरनेटची जोडणी एवढे पुरेसे आहे. शाळेतील शिक्षक, वरच्या वर्गांतील विद्यार्थी व गावातील ग्रंथालयाचे कार्यकर्ते यांना त्यात सहज भाग घेता येईल. ग्रंथालयांच्या कपाटांतील जुनी, जीर्ण होत चाललेली पुस्तके प्रताधिकाराची खात्री करून वेळीच अशा कामासाठी उपलब्ध झाली, तर त्यांतील मजकूर नष्ट होण्यापासून वाचेल.

आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती परवडणारा शब्दकोश असावा, म्हणून एका खेड्यातील शिक्षकाने कष्ट घेतले. त्याच शिक्षकाचे ग्रंथ आज अनेकांच्या विनामोबदला श्रमांतून जगासाठी खुले होत आहेत. ज्ञान सर्वांपर्यंत पोहोचावे, ही इच्छा पुष्कळांची असते. ते पोहोचते मात्र एकेक पृष्ठ काळजीपूर्वक तपासणाऱ्या हातांमुळेच.